मेरिंडेल सोडून कुठेही

ब्रोकन हिल
४ फेब्रुवारी १९७९

प्रिय नोरीन,

नणंद-भावजयीचा आपला पत्रव्यवहार म्हणजे ख्रिसमसचं कार्ड आणि त्यात दोन ओळी. त्यामुळे हे जाड पाकीट हातात घेतल्यावर तुला पहिल्यांदा वाटेल की आई गेली. तर आई ठणठणीत आहे. कालच बोलिंगच्या हिरवळीवर तिने पाद्र्याच्या बायकोला हरवलं आणि वर तिच्या चेंडू टाकण्याच्या पद्धतीवर दोन शब्द ऐकवले.

बातमी वेगळी आहे. मर्व्हला कंपनीने मेलबर्नच्या मुख्य कचेरीत बोलावलंय. खाणीच्या नकाशाघरात बावीस वर्षं रेघा ओढल्यावर वरच्या लोकांना अचानक त्याची किंमत कळली. बढतीच म्हणायची. मे महिन्याच्या एक तारखेला हजर व्हायचं, म्हणजे त्याआधी आम्हाला घर बघायला हवं. जनीन चौदाची आणि केरी नऊची, दोघींच्या शाळा बघायला हव्यात. आणि आईही आमच्याबरोबरच येणार, तेव्हा तिला चढाव नसलेला रस्ता, चालत जाण्याच्या अंतरावर चर्च आणि भांडण्यालायक बोलिंग क्लब बघायला हवा.

मर्व्हचं म्हणणं, शोधायचंय काय त्यात? नोरीन मेरिंडेलमध्ये राहते, आपणही मेरिंडेलमध्येच घर घेऊ. आईने तर क्लबात सांगूनही टाकलंय. तुझं ते आठ खोल्यांचं घर, पुढच्या कॅमेलिया आणि डेस्मंडचा कार्पेटचा व्यवसाय, हे तीन विषय इथे इतके पाठ आहेत की मध्येच कुणीही पुढचं वाक्य सांगू शकेल. आम्ही शेवटचे आलो तेव्हा जनीन तीन वर्षांची होती आणि तुझ्या बैठकीतल्या फिकट गालिच्यावर तिने काय केलं ते तू विसरली असशील अशी आशा आहे.

तेव्हा तुमच्या बाजूला विकाऊ घरं कुठली, ते कळव. रविवारी तू आईला फोन करतेस, पण ती रिसीव्हर कुणाच्या हाती देत नाही, म्हणून पत्र. तू दिलेल्या पोस्ट बॉक्सच्याच पत्त्यावर टाकतेय. तुमचा पोस्टमन अजून पत्रं भिजवतो का?

तुझी,
कोरल

*

मेरिंडेल
१२ फेब्रुवारी

प्रिय कोरल,

मर्व्हचं अभिनंदन. त्याची हुशारी मला लहानपणापासून माहीत होती, फक्त ती त्याने कधी कुणाला दिसू दिली नाही.

तुम्ही येताय याचा मला किती आनंद झाला हे शब्दांत सांगता येत नाही, म्हणून सरळ कामाचं लिहिते. मेरिंडेल तुम्हाला मानवणार नाही.

हे मी प्रेमापोटी सांगतेय. इथे रस्त्याच्या दुतर्फा मोठी झाडं आहेत, बाहेरून येणारे बघतच राहतात, पण वसंतात त्यांचा कापूस उडतो आणि केरीला शिंकांचा त्रास आहे ना? मुलींच्या शाळेत गवती टोपी आणि हातमोजे लागतात. माणसं चांगली आहेत, पण सावकाश चांगली होतात. आमच्या शेजारच्या बाई मला पहिल्यांदा ‘गुड मॉर्निंग’ म्हणाल्या त्या चौथ्या वर्षी, तेही त्यांच्या कुत्र्याने माझा हातमोजा पळवला म्हणून. कचऱ्याचा डबा सकाळी दहानंतर फाटकाबाहेर दिसला तर नगरपालिकेचं पत्र येतं. आईला पत्र आलं तर ती उत्तर लिहील. तुला माहीत आहे ती कसं उत्तर लिहील.

टॉरिंग्टन हाइट्स बघायला हरकत नाही, पण तिथे प्रत्येक घरातून शहर दिसतं आणि प्रत्येक घरात ते कसं दिसतं याबद्दलच बोलतात. वॉटलबर्न नवीन आहे. घरं ऐसपैस, पण सगळी एका साच्यातली. एक गृहस्थ तिथे चुकीच्या घरात शिरून सूप संपवून आले म्हणतात, दोन्हीकडच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही. बेल्कोट समुद्रावर आहे, तिथे माणूस सोडून सगळं गंजतं. ग्लेनमोरा मध्यमवर्गीय आणि नीटनेटकं, पण मधून रेल्वे जाते. कुठे राहता विचारलं, तर रुळांच्या उत्तरेला राहणारे नुसतं ‘ग्लेनमोरा’ म्हणतात, दक्षिणेचे लोक प्रश्न टाळतात. हॅथर्ली जवळ जवळ मेरिंडेलच आहे, आणि जवळ जवळ मेरिंडेल असणं ही तिथल्या लोकांची दुखरी जागा आहे.

नदीच्या पश्चिमेबद्दल विचारशील, तर तिकडचं मी काही सांगू शकत नाही.

डेस्मंड मजेत. कामात बुडालेला असतो.

प्रेमपूर्वक,
नोरीन फेअर्ली

*

ब्रोकन हिल
२० फेब्रुवारी

प्रिय नोरीन,

तुझं पत्र मर्व्हने जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. सूपच्या गोष्टीला मुली हसल्या. मग त्याने पत्र घडी करून मिठाच्या भांड्याखाली ठेवलं आणि म्हणाला, “तिला आपण तिथे नकोय.”

मी म्हटलं, “तसं कुठे लिहिलंय?”

“सहा ठिकाणी लिहिलंय. हातमोजे, कचऱ्याचा डबा, केरीच्या शिंका. खाणीच्या गावची माणसं शेजारी आली तर तिच्या मैत्रिणी काय म्हणतील.”

नोरीन, मी स्पष्टच बोलते, कारण पत्रात निदान मध्ये कुणी बोलत नाही. केरीच्या शिंका धुळीच्या आहेत, आणि धूळ इथे आहे. गेल्या मंगळवारी अशी लाल आली की वाळत टाकलेल्या चादरी मी पुन्हा धुतल्या आणि त्या गुलाबी झाल्या. मुलींना हातमोजे घालता येतात. मी नववीपर्यंत शिकले असले तरी गालिच्यावर पाय पुसत नाही.

आईला तुझं पत्र आम्ही दाखवलं नाही. ती सध्या मेरिंडेलच्या तयारीत आहे. नवी टोपी घेतली. क्लबात म्हणाली, “आमच्या नोरीनच्या रस्त्यावर मुळी दुकानच नाही, वास नको म्हणून.” तिची मैत्रीण डल्सी रो म्हणाली, मग तिथली माणसं ब्रेड कुठून आणतात? त्यावर आई म्हणाली, ब्रेड त्यांच्याकडे येतो.

मर्व्हने शहराचा नकाशा आणलाय. मुख्य कचेरीवर कंपासचं टोक ठेवून वर्तुळं काढतोय. वर्तुळ मेरिंडेलवरून गेलं की पेन्सिल जरा जास्त दाबतो. हट्टाला पेटलाय. मार्चच्या लांब सुट्टीत, शनिवार ते सोमवार, आम्ही दोघं घरं बघायला येतोय. मुली आईपाशी राहतील. रविवारी दुपारी तुझ्याकडे चहाला येऊ. जास्त काही करू नकोस.

कोरल

*

मेरिंडेल
२७ फेब्रुवारी

प्रिय कोरल,

तुझं पत्र वाचून मला रात्रभर वाईट वाटलं. तुम्ही नको आहात असं माझ्या मनात कसं येईल? मर्व्हला सांग, त्याने लहानपणी माझ्या वेणीला शाई लावली होती तेव्हाही मला तो नकोसा झाला नव्हता. निदान फार दिवस नाही.

पण बघ, योग कसे असतात. नेमके त्याच सुट्टीत आम्ही गावाला जातोय. डेस्मंडच्या गुडघ्याला डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितलीय आणि जागा आधीच ठरवली आहे. घरात रंगकाम काढलंय, सगळं सामान कापडाखाली, बसायला खुर्ची नाही. तेव्हा घराकडे येण्याचे कष्ट घेऊ नका. ट्रामला त्या दिवशी गर्दीही फार असते.

ग्लेनमोरा बघा. रुळांच्या उत्तरेला.

आणि कोरल, आईला सांगू नकोस मी गावाला गेलेय. ती विचारेल कुठे, आणि मग तिथलं सगळं सांगावं लागेल.

नोरीन

*

ब्रोकन हिल
१५ मार्च

प्रिय नोरीन,

हे पत्र मी चारदा सुरू केलं. पाचव्यांदा सरळ लिहितेय.

शनिवारी आम्ही नऊ घरं पाहिली. एजंट म्हणजे एक तरुण माणूस, अंगावर तपकिरी सूट आणि प्रत्येक घराला एकच शब्द, ‘मनमिळाऊ’. अंधार असला की मनमिळाऊ, लहान असलं की मनमिळाऊ. ग्लेनमोरात, रुळांच्या उत्तरेला, घरमालकिणीने मर्व्हला विचारलं, “तुम्ही कुठून?” तो म्हणाला, “ब्रोकन हिल.” त्या म्हणाल्या, “अरे वा, एकदा रेल्वेतून जाताना पाहिलंय,” आणि चहाचं विचारता विचारता थांबल्या. मेरिंडेलचं एकही घर मर्व्हने बघायला घेतलं नाही. मला वाटलं, तुझ्यावरचा राग.

रविवारी तो हॉटेलात पाय मिठाच्या पाण्यात घालून बसला. मी म्हटलं, नोरीन नसली तरी आपल्याकडच्या क्वांडाँग या रानफळाच्या मुरंब्याची बाटली तिच्या पायरीवर ठेवून येते. मला भांडण मिटवायचं होतं, एवढंच. ट्राम रिकामी होती.

लॅबर्नम ॲव्हेन्यू, चौदा नंबर. कॅमेलिया तशाच. बाटली ठेवायला वाकले तेवढ्यात दार उघडलं. उंच, हसऱ्या, माझ्याहून तरुण बाई, हातात मुलाचा एक बूट.

“कुणाला भेटायचंय?”

“मिसेस फेअर्लींना,” मी म्हटलं.

“पडदेवाल्या? त्या गुरुवारी येतात. अभ्यासिकेचे पडदे राहिलेत अजून.”

मी बाटली छातीशी धरून उभी. त्या म्हणाल्या, “तुम्हालाही शिवून घ्यायचेत का? आत या ना, बैठकीतले बघा. माणूस एक नंबर आहे. काय सांगू, पहिल्या दिवशी दारात उभ्या राहूनच आठही खिडक्यांची मापं सांगितली. टेप नाही, काही नाही. मी मोजून पाहिली, अर्ध्या इंचाचा फरक नाही. अशी नजर असावी लागते.”

मी आत गेले. पडदे पाहिले, नोरीन. फिकट हिरवे, खाली जड अस्तर, टाका कुठे दिसत नाही. मिसेस हडलस्टन, त्यांचं नाव तुला माहीतच आहे, दातांच्या डॉक्टरांच्या बायको, त्यांनी मला खालच्या सगळ्या खोल्या दाखवल्या. घर घेऊन अडीच वर्षं झाली म्हणाल्या. मी म्हटलं, हो, मला पडदेच शिवून घ्यायचेत. आमच्याकडे खिडक्या आहेत. याहून शहाणपणाचं काही सुचलं नाही.

मी तुझं नाव सोडून काही बोलले नाही. आपलं नातं सांगितलं नाही. मर्व्हलाही नाही. त्याला म्हटलं, घर बंद होतं.

मुरंबा वेगळ्या पार्सलने पाठवतेय. गुडघा कुणाचाच दुखत नसेल अशी आशा करते.

तू कुठे राहतेस?

कोरल

*

ब्रॅम्फील्ड
२१ मार्च

कोरल,

वरचा पत्ता खरा आहे. नदीच्या पश्चिमेला, स्टेशनपासून सात मिनिटं. झामित म्हणून माल्टाचं कुटुंब आहे, त्यांच्या घरामागे दोन खोल्या. एकीत मी झोपते, दुसरीत शिवणयंत्र झोपतं.

डेस्मंडचा धंदा शहात्तर साली बसला. तो बसल्यावर डेस्मंड उठला आणि क्वीन्सलंडला गेला, नमुने दाखवणाऱ्या मुलीबरोबर. ती गोल्फ खेळते. घर विकलं गेलं. मला येत होतं काय, तर त्याच्या गिऱ्हाइकांना कुठल्या गालिच्यावर कुठला पडदा शोभेल ते सांगणं. मेरिंडेलच्या एका दुकानाने मला ठेवून घेतलं. तुझी पत्रं मिळतात ती दुकानाशेजारच्या पोस्टातून.

आईला सांगणार होते. पहिल्याच रविवारी. वाक्य कागदावर लिहून ठेवलं होतं. फोन लावला आणि आईने आधी विचारलं, “कॅमेलिया कशा आहेत?” मी म्हटलं, “फुलल्यात.” पुढच्या रविवारी पुन्हा फुलवाव्या लागल्या. कॅमेलिया थंडीत फुलतात, पण एकदा तर मी त्या डिसेंबरात, भर उन्हाळ्यात फुलवल्या. आई म्हणाली, “यंदा उशीर झाला,” आणि गेली असेल क्लबात सांगायला. डेस्मंडचंही तसंच. तो गेल्यापासून तो फार चांगला नवरा झालाय, कोरल. माझ्या वाढदिवसाला त्याने मोत्याचे डूल दिले. मी ते फोनवर काढून ठेवले तेव्हा मला त्याची खरंच आठवण आली.

हडलस्टनबाईंकडे पहिल्यांदा गेले तेव्हा बेल वाजवली. अकरा वर्षं त्या घरात राहिले, पण दाराबाहेर उभं राहून बेल कधी वाजवली नव्हती. आत तिचा आवाज कसा जातो हे मला ठाऊक होतं, बाहेर किती वेळ उभं राहावं लागतं हे नव्हतं. त्या बाई चांगल्या आहेत. मला दर वेळी स्वयंपाकघर कुठे ते सांगतात.

तुम्ही मेरिंडेलमध्ये आला असतात तर मर्व्ह पहिल्याच संध्याकाळी चौदा नंबरला आला असता. म्हणून मी सगळ्या शहराला नावं ठेवली. तुला वाटलं मला तुमची लाज वाटते. तेही मी वाटू दिलं. ते सगळ्यात वाईट केलं.

मर्व्हला काय सांगायचं ते तू ठरव. त्याला आता एवढी मोठी जागा मिळालीय, त्याची बहीण पडदे टांगते हे त्याच्या साहेबांना कळायची गरज नाही.

मुरंबा मिळाला. झामितबाईंनी चमच्याने खाल्ला आणि हे फळ कुठल्या संताच्या सणाचं, असं विचारलं.

नोरीन

*

ब्रोकन हिल
२६ मार्च

नोरीन,

आता माझी पाळी.

मर्व्हला बढती मिळालेली नाही. इथलं नकाशाघर बंद होतंय. त्याच्या हाताखाली चार माणसं होती, त्या चौघांना घरी पाठवलं आणि याला म्हणाले, मेलबर्नला एक टेबल आहे, हवं तर ये. नऊ टेबलांतलं एक. साहेब सव्वीस वर्षांचा आहे आणि त्याने मर्व्हला पत्रात ‘मर्व्हिन, दोस्ता’ असं लिहिलंय. एक वर्ष बघणार, मग ठेवायचं की नाही ते ठरवणार.

‘बढती’ हा शब्द मी शोधला. आईने विचारलं होतं तेव्हा तोंडून निघाला. दुसऱ्या दिवशी तो क्लबात पोचला, मग परत घेता येईना. तुलाही तेच लिहिलं, खरं लिहिलं तर तू आईला सांगशील म्हणून. तेव्हा तुझ्या डुलांना मी नावं ठेवणार नाही.

मेरिंडेल आम्हाला परवडणार नव्हतंच. मर्व्ह तिथे घर घेऊ म्हणत होता तो तुझ्यासमोर कमी दिसू नये म्हणून. मनात त्याला धास्ती होती, तू हो म्हणालीस तर काय करायचं. तू नाही म्हणालीस तर अपमान झाला म्हणून बसला, आणि मला वाटतं, आतून सुटला. तू घाबरून नको म्हणत होतीस, आम्ही घाबरून हवं म्हणत होतो. दोन महिने आपण एकमेकींना पत्रं लिहून ज्या घराचं भांडण केलं, ते कुणालाच नको होतं.

आता खरं सांग. ब्रॅम्फील्डला घरं आहेत का?

कोरल

*

ब्रॅम्फील्ड
२ एप्रिल

प्रिय कोरल,

आहे एक. झामितांच्या मागचंच, कुंपणाला कुंपण लागून. म्हातारे गृहस्थ मुलाकडे जातायत. मी कामावरून येताना दोनदा बघून आले. सगळं लिहिते, काही झाकत नाही.

लाकडी घर, पत्र्याचं छप्पर. तीन खोल्या, चौथी तुम्ही मनाने धरली तर. आईला पुढची खोली, सकाळचं ऊन येतं. न्हाणीघराचा दरवाजा आतून लागत नाही, गाणं म्हणत बसावं लागेल. नैर्ऋत्येचा वारा आला की कारखान्याचा वास येतो. मी साबणाचा म्हणते, झामितबाई हाडांचा म्हणतात. रस्ता सपाट. तो चढेलच कशाला, बघायला वर काही नाही. चर्च दोन, आईला लागतं ते लांबचं. बोलिंग क्लब आहे. त्यात गेली सहा वर्षं एकच बाई जिंकतेय आणि सगळे तिला कंटाळलेत.

शाळेत टोपी लागत नाही. मुली घरी वेगळी भाषा बोलतात आणि मैदानात सगळ्या मिळून ओरडतात. इथे माझ्याशी शेजारी पहिल्या दिवशीच बोलले. खरं म्हणजे झामितबाईंनी विचारलं नवरा कुठे, मी सांगितलं, आणि त्यांनी मला चीज भरलेल्या गरम करंज्या आणून दिल्या. त्या त्याला पास्तीत्सी म्हणतात. सहा होत्या. मी उभ्याने सहाही खाल्ल्या.

मुख्य कचेरीत कुणी पत्ता विचारला तर मर्व्हला अवघड जाईल, हे मला माहीत आहे. ब्रॅम्फील्ड म्हटलं की समोरचा माणूस विषय बदलतो आणि हवेबद्दल बोलायला लागतो. याची सवय होते. अडीच वर्षांत मेलबर्नच्या हवेबद्दल मला बरंच कळलंय.

तू मर्व्हला सांगितलंस का?

नोरीन

*

ब्रोकन हिल
१० एप्रिल

प्रिय नोरीन,

सांगितलं. शेडमध्ये तो सामान बांधत होता तिथे जाऊन तुझी दोन्ही पत्रं दिली आणि बाहेर उभी राहिले.

बऱ्याच वेळाने आवाज आला. “अडीच वर्षं. तिने मला का सांगितलं नाही?”

मी दारातूनच विचारलं, “तू तिला सांगितलंस?”

त्यावर तो तीन दिवस शेडमध्येच खोके बांधत राहिला. जेवताना मीठ दे म्हणायचा तेवढंच. डेस्मंडचा क्वीन्सलंडमधला पत्ता आहे का म्हणून एकदा विचारलं. मी म्हटलं, नाही, आणि असता तरी तुला दिला नसता, वर्षभर तुला नोकरी सांभाळायचीय. शुक्रवारी बघते तर नकाशाघरातून आणलेला मोठा कागद टेबलावर पसरलेला. तुझ्या पत्रावरून त्याने ते घर काढलंय, पट्टीने, मापात. जिथे तू काही लिहिलं नाहीस तिथे तुटक रेघा. आईच्या खोलीत सकाळचं ऊन दाखवायला बाण काढलाय. न्हाणीघराच्या दाराला कडी काढलीय. आणि मागच्या कुंपणात, झामितांच्या बाजूला, एक फाटक. त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय, “रुंदी तीन फूट, शिवणयंत्र जाईल इतकी.”

मी विचारलं, “कचेरीत कुणी विचारलं, कुठे राहतोस, तर?”

म्हणाला, “बहिणीच्या मागे.”

घर घेतोय. एजंटला तार केली. त्याचं उत्तर आलं, उत्तम निवड, फार मनमिळाऊ.

आता एकच उरलं. आईला मी सांगणार नाही, मर्व्हही नाही. रविवारी तुझा फोन येईल. ती काहीही विचारायच्या आत तू बोल.

तुझी,
कोरल

*

ब्रॅम्फील्ड, मेलबर्न
३ जून

प्रिय डल्सी,

तुझं पत्र मिळालं. पाद्र्याची बायको आता जिंकतेय हे वाचून मला दुःख झालं, पण आश्चर्य वाटलं नाही. तुम्ही सगळ्या तिला घाबरता.

क्लबात सगळ्यांना उत्सुकता असेल म्हणून लिहिते, वाचून दाखवायला हरकत नाही. आम्ही मेरिंडेल घेतलं नाही. पाहिलं, पण आता तिथे फारशी बरी माणसं उरलेली नाहीत, दातांचे डॉक्टर वगैरे येऊन राहिलेत. आम्ही शहराच्या पश्चिमेला आहोत. दुपारचं ऊन या बाजूला फार चांगलं पडतं, आणि शहराचे सगळे मोठे उद्योग याच भागात आहेत. वारा तिकडून आला की ते जाणवतं. शेजारी युरोपातलं घराणं आहे. भूमध्य समुद्रातलं बेट सोडून ते इकडे आले. त्या बाई मला ‘सिन्योरा’, म्हणजे बाईसाहेब, म्हणतात, जे मर्व्हिनची बायको मला गेल्या सोळा वर्षांत एकदाही म्हणालेली नाही.

नोरीनने मोठं घर काढून टाकलं. या वयात आठ खोल्यांची धूळ कोण पुसणार. ती आता घरांच्या सजावटीचं काम स्वतः बघते. शहरातली मोठमोठी कुटुंबं तिच्या शब्दाशिवाय खिडकीला हात लावत नाहीत. डेस्मंड प्रकृतीसाठी क्वीन्सलंडला असतो. तिथल्या हवेचा त्याच्यावर व्हायचा तो परिणाम होवो अशी मी रोज प्रार्थना करते. मर्व्हिनला मुख्य कचेरीत खिडकीजवळचं टेबल मिळालंय, आणि साहेब त्याला दोस्त म्हणून हाक मारतो. इथल्या क्लबात सहा वर्षं जिंकणारी एक बाई आहे. होती, असं लिहायला मला अजून दोन शनिवार लागतील.

इथवर वाच. पुढचं वाचू नकोस, डल्सी, ते तुझ्यासाठी आहे.

एप्रिलच्या त्या रविवारी मी बोलिंगला आले नाही, गुडघा दुखतोय म्हणाले, आठवतं? गुडघा दुखत नव्हता. नोरीनचा फोन आला होता. मी काही विचारायच्या आत ती बोलली, कागदावरून वाचल्यासारखी, एका दमात. मी म्हटलं, बरं. आणि रिसीव्हर ठेवला. एवढंच म्हटलं मी. मग न्हाणीघरात जाऊन बसले. तिने अडीच वर्षं मला का सांगितलं नाही, हे मी कुणाला विचारू? मलाच विचारायला हवं. फोन वाजला की मी आधी काय विचारायची ते तू क्लबात इतक्यांदा ऐकलं आहेस.

इथे आल्यावर पहिले पाच आठवडे मी तिच्या खोल्यांत गेले नाही. तीच येते, कुंपणातल्या फाटकाने. काल तिने हाक मारली म्हणून गेले. ती जमिनीवर गुडघ्यांवर बसली होती, तोंडात टाचण्या, आणि समोर कुणाचा तरी भला मोठा निळा पडदा पसरलेला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. खोली एवढीशी, पडद्याचं दुसरं टोक दाराबाहेर जात होतं. तोंडात टाचण्या असल्यामुळे तिला बोलता येईना. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. माझे गुडघे आता खरंच दुखतात, तरी खाली बसले आणि दुसरं टोक धरलं.

तुझी,
विनिफ्रेड पॅस्को